आलं-गेलं

दिवाळी उरकल्यावर नोव्हेंबरात लासलगावची मामी चार दिवस राहायला आली. बसस्टँडवरून रिक्षा न करता सिटी बस बदलत बदलत आली, दारात चप्पल काढली, पाय धुतले आणि मग नेहमीसारखी पिशवी ओट्यावर रिकामी करायला घेतली. कांदे निघाले, ते निघणारच, लासलगावहून कुणी येतंय आणि कांदे नाहीत असं होत नाही. थोड्या कुरडया निघाल्या, शेजारणीच्या झाडाचा कढीपत्ता निघाला, आणि सगळ्यात शेवटी तळातून तेलाची एक पिशवी आणि तूरडाळीचं अर्ध्या किलोचं पाकीट निघालं. दुकानातलं, किमतीचा छाप असलेलं. मला आधी वाटलं चुकून आलं असेल, घरी न्यायचं सामान असेल, म्हणून मी विचारलं की हे काय गं मामी, तर म्हणाली, "राहू दे. चार दिवस जेवणार ना मी इथं." इतक्या सहज म्हणाली की मला पुढे काही बोलताच येईना. मी ते पाकीट उचलून डब्यांच्या मागे ठेवून दिलं आणि चहा टाकला.

तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. मामी आजपर्यंत कधीच रिकाम्या हाताने आलेली नाही, पण ती जे आणायची ते वेगळं असायचं. पाट्यावर वाटलेली लसणाची चटणी, जी डब्यात ठेवली तरी सगळ्या घराला वास यायचा, वाळवलेली मेथी, शेंगदाण्याचे लाडू, एकदा तर मडक्यात घालून खरवस आणला होता एसटीतून. ते सगळं मायेचं. तेलाची पिशवी हा मात्र हिशोब होता. आपण चार दिवसांत साधारण किती खाऊ, त्याला किती तेल लागेल, किती डाळ लागेल, हे या बाईने घरून निघताना मनात मोजलेलं होतं. आणि मग मला बाकीचंही दिसायला लागलं. दुसरा चहा नको म्हणते, ॲसिडिटी होते म्हणून सांगते, पण मामीला मी लहानपणापासून बघतेय, चहावर जगणारी बाई आहे ती. सकाळी गिझर लावते म्हटलं तर मला गार पाणीच मानवतं म्हणे, नोव्हेंबरात, नाशकात, जिथे सकाळी बोटं आखडतात. मी फळं आणायला निघाले तर हात धरून बसवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती देवासमोर बसली होती, बाहेरच्या खोलीतली ट्यूब बंद करून आली होती, आणि मला एकदम कळलं की आपल्या घरात ती कुणालाही खर्चात न पाडता राहायचा प्रयत्न करतेय.

याचा मला राग आला. तिचा नाही. कुणाचा ते सांगता येत नाही अजून.

मामीचा हिशोब मला माहितीये, कारण बँकेचं पासबुक वाचून दाखवायला ती मलाच फोन करते. मामा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात होता, तो कारखाना कधीचाच बंद पडला, मामाही गेला. ईपीएस ९५ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या योजनेची, जी पेन्शन मामाला होती त्याच्या निम्मी मामीला मिळते, ती हजाराच्या जरा वर जाते. या योजनेत कमीत कमी १,००० रुपये महिना द्यायचे असं २०१४ मध्ये ठरलं आणि त्यानंतर तो आकडा आहे तिथेच आहे. ही म्हातारी माणसं ७,५०० आणि वर महागाई भत्ता मागतायत, बुलढाण्यात वर्षानुवर्षे साखळी उपोषण केलं, दिल्लीला जाऊन बसली. २०१४ चा हजार आणि आजचा हजार. एप्रिल २०२५ मध्ये सिलेंडर ५० रुपयांनी वाढून मुंबईत ८५२ रुपये ५० पैशांना झाला, इकडे नाशकात थोडा इकडेतिकडे, म्हणजे ज्याला फक्त हजार येतात त्याने सिलेंडर भरला की दीडशे उरले. मामीच्या बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या आहेत. यादीतल्या आवश्यक औषधांच्या किमती दरवर्षी घाऊक महागाईनुसार वाढवायला परवानगी असते, २०२२ च्या एप्रिलमध्ये ती वाढ पावणेअकरा टक्के होती आणि २०२३ मध्ये बारा टक्क्यांच्या वर. पेन्शनला असली परवानगी नाही. लाडक्या बहिणीचे पंधराशे तिला नाहीत, कारण तिथे पासष्टची अट आहे आणि मामी बहात्तरची. मुलगा आहे, चांगला आहे, पण तो पिकअप चालवतो, त्याला दोन लेकरं आणि गाडीचा हप्ता आहे, तो देतो त्यातलं मामी निम्मं नातवंडांवरच परत खर्च करते.

बरं, एसटीचं तिकीट बायकांना अर्धं झालंय, मार्च २०२३ पासून. त्याने खरंच खूप फरक पडला, मी रोज बघते, ज्या बायका वर्षानुवर्षे माहेरी गेल्या नव्हत्या त्या जायला लागल्या. जानेवारी २०२५ मध्ये भाडं जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढलं तरी अर्धं ते अर्धंच. रेल्वेत ज्येष्ठांना जी सवलत होती ती २०२० च्या मार्चमध्ये गेली ती अजून आली नाही, म्हणून मामी आता लासलगावला स्टेशन असूनही एसटीनेच येते. मी तिला म्हटलं, तिकीट अर्धं आहे तर जात जा ना कोपरगावला बहिणीकडे, करमत नाही म्हणतेस. त्यावर ती जे बोलली ते लिहून ठेवावं असं होतं. म्हणाली, "तिकिटाचं काय गं. जायचं म्हणजे हातात काही न्यायला लागतं. तिकडं तिची नातवंडं, त्यांच्या हातावर शंभर-शंभर तरी ठेवायला नको का? आणि मी गेले की मग ती माझ्याकडं येणार. आली की तिला साडी नाही तर निदान झंपरचं कापड. नकोच ते." कोपरगावची मावशी आणि मामी, दोघी सख्ख्या बहिणी, दोघींची सत्तरी उलटलेली, आणि दोघी एकमेकींना परवडत नाहीत म्हणून भेटत नाहीत. फोनवर बोलतात. रिचार्ज मुलं करतात तो आहे तोवर बोलतात.

मामी आमच्याकडे होती त्याच आठवड्यात टीव्हीवर खाली पट्टी फिरत होती की ऑक्टोबर २०२५ चा किरकोळ महागाई दर पाव टक्का, ०.२५, ही आकड्यांची मालिका सुरू झाल्यापासूनचा नीचांक. नवरा जेवता जेवता म्हणाला, बघ, महागाई संपली. मामी ताटातल्या कांद्याकडे बघत म्हणाली, "संपली नाही तर काय, आमच्याकडं कांदा दहा-बारा रुपयानं विचारत नाहीत." तिचं स्वतःचं शेत नाही, पण लासलगावात राहून बाजार समितीतला भाव ज्याला माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही. तिने जे कांदे आणले होते ते शेजारच्यांनी असेच दिले होते, चाळीत सडायला लागले म्हणून. ऑक्टोबरात खाद्यपदार्थांच्या महागाईचा दर शून्याच्याही खाली पाच टक्के गेला होता, म्हणजे भाज्या, कांदे, बटाटे, टोमॅटो पडले होते, आणि बरोबर वर्षभरापूर्वी २०२४ च्या ऑक्टोबरात हाच आकडा अकरा टक्क्यांच्या जवळ होता. त्या उंचीवरून मोजलं की यंदाचं खाली दिसतं. त्यात दर खाली येणं म्हणजे वाढायचा वेग कमी होणं, आधी जे वाढून बसलंय ते खाली येत नाही, हे घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला अर्थशास्त्र न शिकता कळतं. शाळेची व्हॅन गेल्या जूनमध्ये वाढली ती पुढच्या जूनमध्ये कमी होणार नाहीये. सोसायटीचा मेंटेनन्स कमी होणार नाहीये. क्लासची फी तर बोलायलाच नको. एकटा कांदा आमच्या महिन्याच्या खर्चाला कितीसा खाली ओढणार, आणि ज्याने तो पिकवला तो मात्र सगळाच्या सगळा खाली गेला. मला स्वस्त कांदा घेताना आता आनंद होत नाही. महाग असतानाही होत नव्हता. २०२३ च्या डिसेंबरात निर्यातबंदी झाली तेव्हा आमच्याकडे कांदा आवाक्यात आला आणि निफाड-येवल्याकडे लोक रस्त्यावर बसले, तेव्हा मी नाशकात बसून दोन्ही बाजूंची होते, एक माझ्या पाकिटाची आणि एक माझ्या आजोळची.

तेलाचंही तसंच. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, त्यामुळे तिकडे काही झालं की इकडे कढई महागते. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं आणि सूर्यफूल तेल दुकानातून गायब, मग एप्रिलमध्ये इंडोनेशियाने पामतेल बाहेर पाठवणं काही आठवडे बंद केलं. मग २०२४ च्या सप्टेंबरात, ऐन सणांच्या तोंडावर, सरकारने आयात शुल्क कच्च्या तेलावर शून्यावरून वीस टक्के केलं, सोयाबीनवाल्यांना भाव मिळावा म्हणून. हेतू चांगला होता, मी त्याच्या बाजूने आहे, सोयाबीनवाल्याला मिळायलाच हवा. पण तेल वाढलं ते वाढलंच आणि सोयाबीन मात्र ४,८९२ च्या हमीभावाखालीच विकलं गेलं, मराठवाड्यातल्या माझ्या जावेच्या माहेरी विकलं. पुढे २०२५ च्या मे अखेर शुल्क निम्मं केलं. आम्ही पूर्वी पंधरा किलोचा डबा घ्यायचो, त्याचं झाकण पत्र्याचं असायचं, सुरीने उघडताना बोट कापायचं. मग पाच लिटरचा कॅन आला. आता एकेक पिशवी येते. आता काही पिशव्यांवर लिटरसुद्धा नसतं, ८५० ग्रॅम असतं, आणि पिशवी दिसायला तेवढीच, म्हणून चष्मा लावून वाचायला लागतं. मामीने आणलेली पिशवी मी उलटीसुलटी करून बघितली, लिटरची होती. म्हणजे तिने कमी पडायला नको म्हणून पूर्ण लिटरची घेतली होती.

माझी आई महिन्याच्या सुरुवातीला पाकिटं करायची. वडील पगार आणून देवापुढे ठेवायचे, मग ती तो घेऊन स्वयंपाकघरात जमिनीवर बसायची आणि लग्नाच्या पत्रिकांची जुनी पाकिटं पुढ्यात मांडायची. प्रत्येकावर पेन्सिलीने लिहिलेलं. भाडं, दूध, किराणा, फी, दवाखाना. आणि एक पाकीट होतं त्यावर लिहिलेलं असायचं आलं-गेलं. त्यात फार नसायचं. पण ते असायचं. कुणी अचानक आलं तर त्यातून पाव लिटर दूध जास्तीचं, कुणाकडे बारसं असेल तर त्यातून टोपडं-झबलं, भाच्याच्या हातावर दहा रुपये, कुणी गेलं तर पिठलं-भात नेऊन द्यायचा तो त्यातून. महिना संपायच्या आत ते पाकीट बहुतेक वेळा संपायचं आणि मग आई दूधवाल्याच्या पाकिटातून उसने घ्यायची आणि चिठ्ठी टाकून ठेवायची की इतके परत टाकायचे आहेत. मी हे फार गोड करून सांगत नाहीये. पाहुण्यांवरून आई-वडिलांची भांडणं झालेली मी ऐकलीयेत, वडिलांच्या गावचं कुणीही दवाखान्यासाठी नाशकात आलं की आमच्याकडेच उतरायचं, आणि आमटीत दोन फुलपात्री पाणी घालून ती वाढवताना आईचा चेहरा कसा व्हायचा ते मला आठवतं. एकदा तर ती न्हाणीघरात जाऊन रडून आली होती आणि बाहेर येऊन परत पोळ्या लाटायला बसली. पण पाकीट तिने कधी बंद केलं नाही. कमी केलं, बंद नाही.

मामीला मी १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारलं, म्हटलं तेव्हा कसं करत होतात. ती तेव्हा एकोणीस वर्षांची, चांदवडकडच्या कोरडवाहू माहेरात. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, रेशनवर मिलो मिळायचा, ती लालसर परदेशी ज्वारी, तिची भाकरी थापताना चिरायची आणि गार झाली की तुटायची. मला वाटत होतं ती सांगेल की तेव्हाही आम्ही पाहुण्याला उपाशी पाठवलं नाही वगैरे. तिने उलटंच सांगितलं. म्हणाली, "लांबून कुणी येताना दिसलं की माणसं मागच्या दारानं निघून जायची. घरात कुणी नाही असं वाटावं म्हणून. माझी आईसुद्धा जायची. आलेला पण समजायचा. दाराबाहेर जरा बसायचा, पाणी प्यायचा रांजणातलं आणि जायचा." बराच वेळ थांबून परत म्हणाली की त्यात एक सख्खा मामा पण होता तिचा. म्हणजे हे काही आत्ताचं नाहीये. पैसा आटला की माणूस दार लावून घेतो, पूर्वीही घेत होता. फरक एवढाच की तेव्हा दुष्काळ होता आणि सगळ्यांना माहीत होतं की दुष्काळ आहे, कुणी कुणापासून लपवत नव्हतं. आता प्रत्येकाच्या घरात टीव्ही मोठा आहे, मुलं इंग्लिश मीडियमला आहेत, बाहेरून सगळं छान आहे, त्यामुळे "परवडत नाही" हे दोन शब्दांचं साधं बोलणं तोंडातून निघत नाही. आपण म्हणतो वेळ नाही. पुढच्या महिन्यात बघू. मुलांच्या परीक्षा आहेत.

माझ्या नवऱ्याचंच बघा. तो अंबडच्या एमआयडीसीत आहे. सुटल्यावर सातपूर-अंबडकडच्या त्याच्या जुन्या चार मित्रांचा एक कट्टा होता, टपरीवर, पंधरा वर्षं तरी चालू होता. चहा, कधी भजी, कधी पावसात मक्याचं कणीस. पैसे आळीपाळीने द्यायचे, कुणी मोजायचं नाही. दोन वर्षांपूर्वी तो हळूहळू सरळ घरी यायला लागला. मला आधी बरं वाटलं, म्हटलं घरात लक्ष द्यायला लागला. नंतर बऱ्याच महिन्यांनी सहज बोलता बोलता निघालं की चहाच आता पंधरा-वीसला झालाय, चार-पाच जण, वर भजीची प्लेट, आपली पाळी आली की दोनशे जातात, आणि त्यातल्या एकाची नोकरी गेली होती, तो पाळी टाळायला लागला, मग त्याला ओशाळं वाटू नये म्हणून दुसरा यायचा बंद झाला, आणि मग कट्टाच बसेना. कुणी कुणाला काही बोललं नाही, भांडण नाही, काही नाही. ग्रुपवर अजून गुड मॉर्निंग येतं रोज. पण माझा नवरा संध्याकाळी सहा ते सात गॅलरीत उभा राहतो नुसता. आधी त्या एका तासात तो कंपनीतला सगळा वैताग तिकडेच ओतून यायचा आणि हसत घरी यायचा, आता तो वैताग घरात येतो, मुलीच्या अभ्यासावर निघतो, माझ्या मिठावर निघतो. आम्ही महिन्याला सातआठशे वाचवले असतील. त्याची झोप गेली, बीपी निघालं, गोळी सुरू झाली. ती गोळी किराण्याच्या यादीत आली, औषधं या सदरात, कट्टा कुठल्याच सदरात नव्हता त्यामुळे तो गेला तेव्हा वहीत काहीच दिसलं नाही.

मला हेच सांगायचंय खरं तर. सरकार महागाई मोजतं त्यासाठी एक टोपली आहे, ऑक्टोबरचा तो आकडा ज्या मालिकेतला आहे ती २०१२ च्या पायावर उभी, त्यात अन्नाचं वजन जवळजवळ ४६ टक्के, बाकी कपडे, घरभाडं, इंधन, दवाखाना, प्रवास, शिक्षण, सगळं आहे. ती टोपली ठीकच आहे, कुणीतरी मोजायलाच हवं. पण ज्या दिवशी बजेट कमी पडतं त्या दिवशी आपण त्या टोपलीतलं आधी काही काढत नाही. दूध नाही काढत, फी नाही काढत, हप्ता तर काढूच शकत नाही. आपण आधी माणसं काढतो. वाढदिवसाला बोलवायची यादी छोटी करतो, मग वाढदिवसच घरातल्या घरात करतो. लग्नाला एकानेच जायचं ठरवतो. सत्यनारायणाला सोसायटीत सगळ्यांना सांगायचो ते आता फक्त आपल्या मजल्याला. हळदीकुंकू दोन वर्षांआड. माझी मुलगी आठवीत आहे, तिने मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं परस्पर टाळलं, विचारलं तर म्हणाली गिफ्टचं काँट्रिब्युशन तीनशे होतं आई, मला तसंही नव्हतं जायचं. तिला जायचं होतं. ड्रेस काढून ठेवला होता तिने.

आणि हे एका घरात थांबत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये पोळ्यांना एक बाई यायच्या, सहा घरं होती त्यांची. एकीने ठरवलं आपण घरी करू, दीड-दोन हजार वाचतील, मग दुसरीने, मग तिसरीने. बाईंची घरं निम्म्यावर आली तेव्हा फक्त तेवढ्यासाठी इतक्या लांब येणं परवडेना म्हणून त्यांनी उरलेलीही सोडली. त्यांच्याकडून आम्हाला सगळ्या बिल्डिंगच्या बातम्या कळायच्या, वाईट अर्थाने नाही, वरच्या मजल्यावरच्या आजी दोन दिवस जेवत नाहीयेत हे पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं होतं. आता कुणी सांगायला नाही. आजी अजून आहेत, मुलगा पुण्याला आहे.

माझी एक आत्या गोरेगावला राहायची. ती सत्तरच्या दशकातल्या मोर्चांचं सांगायची, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या पुढारी बायका, त्यांची महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती, आणि ते लाटणं मोर्चे, हजारो बायका हातात लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर. आत्या काही पुढारी नव्हती, घर सांभाळणारी, पण गेली होती, कडेवर माझा आतेभाऊ होता तिच्या. ती म्हणायची रॉकेल मिळालं की नाही ते आठवत नाही, पण त्या दिवशी घरी येताना मला इतकं मोकळं वाटलं, शेजारच्या ज्या बाईशी नळावरून बोलणं बंद होतं ती माझ्या शेजारून ओरडत चालत होती. मला याचा हेवा वाटतो, अगदी मनापासून. त्या महागाईने बायकांना घराबाहेर काढलं. आताची आम्हाला आत घालते. रात्री साडेअकराला मी अंधारात मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढून बसते, फी अधिक हप्ता अधिक सासऱ्यांची तपासणी, आणि मला खात्री आहे की समोरच्या फ्लॅटमधली पण बसत असेल, तिच्या खिडकीत तो उजेड दिसतो, पण सकाळी लिफ्टमध्ये आम्ही दोघी एकमेकींना काय म्हणतो, तर थंडी वाढली ना.

मामी जायच्या आदल्या रात्री आम्ही दोघी बोलत बसलो होतो तेव्हा मी तिला ते तेलाचं बोलले. म्हटलं तू परत असं काही आणायचं नाही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग तू पण दोन भाज्या, कोशिंबीर, भात, गोड असं करू नको. मी चार दिवस होते तर तू चारी दिवस सणासारखा स्वयंपाक केला. मला घास उतरेना. भाकरी आणि ठेचा केला असता तर मी आठ दिवस राहिले असते." हे ऐकून मी गप्प बसले, कारण ते बरोबर होतं. पाहुणचार आपणच केवढा महाग करून ठेवलाय. आईच्या वेळी येणाऱ्याला पोहे नाही तर नुसता चहा मिळायचा आणि जेवायची वेळ असेल तर जे असेल ते. आता कुणी येणार म्हटलं की पनीर, स्टार्टर, कोल्ड्रिंक, आइस्क्रीम, आणि ते जमणार नसेल तर बोलवायचंच नाही. मधलं काही ठेवलंच नाही आपण. तेलाचे भाव आपल्या हातात नाहीत, पेन्शन आपल्या हातात नाही, त्यासाठी भांडायला पाहिजे आणि मी म्हणते मोठ्याने भांडायला पाहिजे, पण पनीर आपल्या हातात आहे.

तर डिसेंबरपासून मी वहीत एक नवीन रकाना केलाय, आईचंच नाव दिलंय त्याला, आलं-गेलं. महिन्याला बाराशे. नवऱ्याचं आणि माझं यावरून दोन दिवस वाजलं, तो म्हणाला कुठून आणणार, आधीच एसआयपी बंद केलीये आपण. मी एक ओटीटी बंद केलं, भिशीतून एक नंबर कमी केला, तरी पूर्ण बसत नाहीये, पण रकाना राहणार. त्यातले तीनशे मी त्यालाच दिले आणि सांगितलं त्या नोकरी गेलेल्या मित्राला घेऊन टपरीवर जा, पाळी आपली. तो गेला. उशिरा आला, भज्यांचा वास येत होता शर्टाला. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींना मी शनिवारी जेवायला बोलवलंय, सांगून टाकलंय की पिठलं-भाकरीच आहे, त्या म्हणाल्या मग मी मिरच्या तळून आणते. मामीच्या आणि कोपरगावच्या मावशीच्या बाबतीत असं ठरलंय की दोघींनी माझ्याकडेच यायचं एकदम, म्हणजे कुणी कुणाला काही द्यायचा प्रश्न येत नाही, मावशीने कबूल केलंय, मामी अजून बघते म्हणतेय. फेब्रुवारीत नात्यात दोन लग्नं आहेत. त्यांचे आहेर या बाराशेत कसे बसवायचे ते काही अजून जमत नाहीये, जावेशी बोलून दोघींत मिळून एक करावा असं डोक्यात आहे, तिला आज रात्री फोन करते.